काचेआड जाता जाता वाचलेली सत्तावीस नंबरची जर्सी

मी एक जुनी जर्सी आहे. कधीकाळी गर्द लाल होते, आता विटकरी म्हटले तरी चालेल. पाठीवर सत्तावीस आकडा आहे. टेक्सासमधल्या आमच्या छोट्या गावात शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की दुकानांना कुलपे लागतात. बॉल काखेत दाबून समोरच्या धिप्पाड पोरांमधून धावतो तो रनिंग बॅक. शाळेतल्या सर्वांत चांगल्या रनिंग बॅकला मी मिळायचे.

आधी मला अल्विन गिड्रीने घातले. तो वाट शोधत बसत नसे, सरळ अडवणाऱ्याच्या छातीत घुसायचा. म्हणून मी खांद्यावर फाटले. पुष्कळ वर्षांनी डेलरे पिकेट आला. तो असा वळायचा, की अडवणाऱ्यांच्या हाती फक्त माझे टोक लागायचे. म्हणून मी मागून फाटले. दोन्ही ठिगळे मी मिरवते.

दोघांत थोर कोण, यावरून होमर न्हाव्याच्या दुकानात कायम जुंपलेली असे.

"तुझा अल्विन सरळ धावायचा, कारण त्याला वळताच येत नव्हतं."

"आणि तुझा डेलरे वळायचा, कारण त्याला मार खायची भीती."

ऐकून ऐकून अल्विन आणि डेलरे एकमेकांना टाळू लागले. मला फार वाईट वाटायचे.

मग शाळेने ठरवले, सत्तावीस नंबर निवृत्त करायचा. म्हणजे थोर ठरेल त्याच्या नावाने मला काचेच्या पेटीत ठेवायचे आणि तो नंबर पुन्हा कोणी घालायचा नाही. आमच्याकडे याहून मोठा मान नाही. पण मित्रांनो, मला तो मान नको होता. मला अजून धावायचे होते.

निवाड्यासाठी सारा गाव शाळेत जमला. काठी टेकत आलेल्या अल्विनने मला उचलून उलटसुलट पाहिले.

"डेलरे, हे मागचं ठिगळ तुझं ना? मला मागून कधी कुणी धरलंच नाही."

"धरणार कोण? सगळे तुमच्या पुढ्यात आडवे झालेले," डेलरे म्हणाला. "काका, तुमचं हे खांद्याचं ठिगळ बघूनच मी वळायला शिकलो. म्हटलं, असा मार आपल्याला झेपायचा नाही."

अल्विन डोळे पुसत हसला. मग मुख्याध्यापिकाबाईंकडे वळला. "बाई, हिला काचेत कोंडलंत तर पुढचं पोर काय बघून शिकणार?"

बाईंनी मला वापरात ठेवण्यावर सगळ्यांचे मत विचारले, तसा पहिला हात होमरने वर केला. मग साऱ्यांनीच केले. मी सुटले. किती हलके वाटले म्हणून सांगू. दोघे बोलत बोलत एकत्रच बाहेर पडले, त्याचा आनंद वेगळाच.

मित्रांनो, आवडत्या वस्तू जपा, पण कोंडून ठेवू नका. धुवा, शिवा, वापरा.

पुढच्याच शुक्रवारी नव्या पोराच्या अंगावर मी पुन्हा फाटले. कुठे, ते मात्र सांगणार नाही. होमरच्या दुकानात लगेच वाद सुरू व्हायचा.