हॅशटॅगमधला आचारी

कार्डमामांचा चढलेला आवाज शब्दकोशाच्या कचेरीत कुणी कधी ऐकला नव्हता. त्या दुपारी मात्र त्यांनी शेवटची प्रुफं भाचीच्या टेबलावर आपटली. भाची म्हणजे कोशाची संपादक. मामांना शब्दांच्या व्युत्पत्त्या कार्डांवर लिहायला तिनेच इथे आणलं होतं; त्यावरूनच ते कार्डमामा.

“हे काय छापतेस?”

“हॅशटॅग. तुमचीच नोंद आहे, मामा.”

नोंदीत टॅग म्हणजे खूणचिठ्ठी, इथवर ठीक होतं. पुढे ठाम वाक्य होतं: # या चिन्हाला हॅश हे नाव मांस बारीक चिरणाऱ्या आचाऱ्यांनी दिलं.

“माझं कार्ड काढ.”

तिने खणातून कार्ड काढलं. आचाऱ्यांचं वाक्य पेन्सिलीत होतं. कचेरीची रीतच तशी: खात्री झाली की शाई, नुसता तर्क असला की पेन्सिल. संगणकावर चढवताना भाचीने दोन्ही एकाच दमात उतरवलं होतं.

“आडव्यातिडव्या रेघा मारण्याला हॅच म्हणतात. त्यावरून हॅश आलं असावं, तेही बहुधा. आचारी माझ्या डोक्यातला. मी मनाशी बोललो आणि तू ते चव्हाट्यावर मांडलंस. उद्या पोरं परीक्षेत लिहितील हे.”

आता भाचीही तापली. “अशी चाळीस कार्डं आहेत तुमची. काही अकरा वर्षांची. पक्कं करायला कुणी हात धरला होता? चूक निघेल म्हणून शाईला शिवायचं नाही, आणि वर आमच्यावर डाफरायचं.”

ते खरं होतं, म्हणूनच मामांना जास्त झोंबलं. त्यांचे कान लाल झाले.

“चारला छापखान्याचा माणूस येईल,” ती म्हणाली. “सही करा, नाहीतर तुमचं नाव काढते.”

“खुशाल काढ. पण आधी आचारी काढ. चाळीसही काढ.”

“आणि तिथे काय लिहू?”

“मूळ माहीत नाही.”

“चाळीस ठिकाणी? लोक हसतील, मामा.”

मामांनी खुर्ची ओढली. “हसतील खरं. मग माझं नाव राहू दे. तुला कशाला हसतील?”

भाचीने छापखान्याला फोन लावला. “आज येऊ नका,” एवढंच म्हणून आपटला. मग प्रुफं पुढे ओढली.

“एकेक सांगा. आणि माझ्यावर ओरडायचं नाही.”

“ओरडणार,” मामा म्हणाले. “पहिलं लिही.”