पाच पायांचा घोडा

त्या रविवारी प्रार्थना आटोपली आणि निम्मं व्रबिना गाव यागोदाच्या खानावळीत घुसलं. बाहेर सावा नदी काठाला लागली होती, धुक्यात पलीकडची झाडं दिसत नव्हती, पण नदीकडे बघायला कुणाला सवड होती? सगळे भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीकडे तोंड करून बसले होते. यागोदाने आपला फोन त्याला जोडला होता. पडद्यावर एक काळी टोपी, एक पांढरी दाढी आणि एक मेणबत्ती. सेराफिमबाबा.

"मी विकत नाही, लेकरांनो," बाबा हळू आवाजात सांगत होता. "मी फक्त परत करतो. तुमचे संत दहा वर्षं चिखलात पडून रडताहेत. ते माझ्या स्वप्नात येतात. कुणाचं घर, कुठली भिंत, कुठला खिळा, सगळं सांगतात."

बायका छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. संतांना खिळ्यापर्यंत सगळं ठाऊक असतं, फक्त बँकेच्या खात्याचा नंबर तेवढा बाबाला स्वतःच सांगावा लागतो, हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी जीभ चावून गप्प राहिलो. त्या दिवशी मला गप्प राहायचं होतं.

मी वितोमिर, या गावचा फोटोवाला. चाळीस वर्षं लग्नं, बारशी आणि मयतं टिपली. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, त्याची रंगवलेली प्रतिमा पूर्वेच्या भिंतीवर असते आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. संताच्या सणाला सगळं घर तिच्याखाली उभं राहून फोटो काढतं. दहा वर्षांपूर्वीच्या महापुरात या भिंती गेल्या, प्रतिमाही गेल्या. दीडशे, दोनशे वर्षांच्या जुन्या. पैशात मोजायच्या म्हटलं तरी एकेकीला एकेक गाडी आली असती, आणि घराला त्यांची किंमत पैशात नव्हतीच.

मग या वसंतात फोनवर हा बाबा उगवला. पहिल्या महिन्यात त्याने तीन प्रतिमा फुकट पाठवल्या. एक यागोदाला मिळाली, संत पेत्काची. अगदी तिच्या आजीच्या प्रतिमेसारखी, काळवंडलेली, भेगाळलेली. वर काच, आणि काचेच्या चारी कडा लाल लाखेने बंद. सोबत चिठ्ठी होती: जो ही लाख फोडेल, त्याच्या घरातलं सर्वांत धाकटं माणूस वर्षाच्या आत जाईल. यागोदाचा नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्या दिवसापासून ती प्रतिमेवरची धूळसुद्धा श्वास रोखून पुसायची.

फुकटच्या तीन झाल्या आणि मग आकडे सुरू झाले. कुणी ट्रॅक्टर विकला, कुणी जर्मनीतल्या मुलाकडून पैसे मागवले. मी विचारलं, अरे, हा माणूस कोण, कुठला, कुणी पाहिलाय का? मला फोन दाखवण्यात आला. साठ जणांनी बाबाची तारीफ लिहिली होती. मी घरी जाऊन ते साठही जण एकेक करून तपासले. साठांची खाती एकाच आठवड्यात उघडलेली, आणि एकाच्याही खात्यावर दुसरं काही नाही, ना मांजर, ना लग्न, ना शिवीगाळ. मी हे सांगितलं तर माझ्यावरच सगळे तुटून पडले. फोटोवाल्याचा धंदा बसलाय म्हणून तो जळतोय, असं सरळ तोंडावर म्हणाले.

यात आमच्या लोकांची एक खोड आहे, आणि ती मुळात चांगली खोड आहे. संताच्या सणाला आम्ही कुणाला बोलावणं धाडत नाही. दार उघडं ठेवतो, आणि जो उंबरा ओलांडेल त्याला उकडलेला गहू, साखर आणि प्लमची दारू. तू कोण, कशाला आलास, असं विचारणं म्हणजे घराची बेअब्रू. आणि प्रतिमेच्या किमतीत घासाघीस करणं म्हणजे पाप. बाबाने या दोनच गोष्टी बरोबर हेरल्या होत्या. दिवाणखान्याचा नियम आमच्या माणसांनी फोनलाही लावला.

लोकांचे पैसे गेले तर जाऊ देत, असं मी रागाच्या भरात म्हणालोही असतो. पण स्पासेनियाचं काय?

स्पासेनिया माझी शेजारीण. पुराच्या दिवशी तिला आणि तिच्या ओग्न्येनला मीच ट्रॅक्टरवर घेतलं होतं. शाळेजवळ आलो तेव्हा पोरगा म्हणाला, संत निकोला भिंतीवरच राहिला, आलोच. बावीस वर्षांचा होता. उडी मारून गेला तो गेलाच. प्रेत सापडलं नाही. दहा वर्षं ती रोज त्याचं ताट मांडते, आणि तिच्यासमोर "वारला" हा शब्द गावात कुणी काढत नाही. तिने स्वतः तो कधीच काढला नाही.

सप्टेंबरात बाबाने याच पडद्यावर डोळे मिटले आणि म्हणाला, "मला एक तरुण दिसतोय. हिरवा रेनकोट. छातीशी संत निकोला धरलाय. लेकी स्पासेनिया, त्याचा श्वास चालू आहे. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. प्रतिमा त्याला घरी आणेल. पण ज्याला मुलगा परत हवा, त्याने घराचा लोभ सोडावा."

खानावळीत हुंदके सुरू झाले. स्पासेनिया मात्र रडली नाही, ताठ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने घर विकायला काढलं. डिसेंबरात गिऱ्हाईक मिळालं. मंगळवारी नोटरीकडे सह्या व्हायच्या होत्या, आणि दोन आठवड्यांवर संत निकोलाचा सण. तू राहणार कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाली, ओग्न्येन आला की बघू.

हिरवा रेनकोट ऐकला तेव्हाच मला ते खटकलं होतं. ओग्न्येनचा रेनकोट निळा होता. हिरवा तो फक्त एकाच ठिकाणी होता, आणि तिथे तो मीच लिहिला होता.

पुरानंतर हरवलेल्या वस्तू शोधायला गावाने फोनवर एक पान उघडलं होतं. माझ्याकडचे जुने फोटो मीच त्यावर चढवले. अमक्या घराचा फोटो, अमका संत, अमकी भिंत, मागे आजोबांनी असं असं लिहिलंय, सापडल्यास कळवा. ओग्न्येनच्या फोटोखाली घाईत हिरवा रेनकोट असं टाकलं. दहा वर्षांत ते पान सगळे विसरले, मीही विसरलो. पान मात्र तसंच उघडं पडलं होतं. बाबाची स्वप्नं मी वाचून काढली, ती शब्दन्‌शब्द माझीच होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली. बाईच्या मुलाचं मरण असं शांतपणे वाचून कुणीतरी त्यावर भाव ठरवत बसलं होतं.

मी स्पासेनियाला सांगायला गेलो. रेनकोटाचं नाव काढताच तिने दार लावून घेतलं. मग ठरवलं, हिला आणि गावाला डोळ्यांनी दाखवायचं.

नोव्हेंबरात मी बसून एक फोटो तयार केला. माझ्या आजोबांच्या घरच्या भिंतीवर, घोड्यावरून अजगराला मारणाऱ्या संत जॉर्जची एक प्रतिमा लावली, जी जगात कधीच नव्हती. तुकडे जोडून जोडून केली. घोड्याला पाच पाय काढले. अजगराच्या वेटोळ्यात असे बेमालूम बसवले की मोजल्याशिवाय कळू नये. खाली लिहिलं: जुना फोटो आत्ता खणात सापडला, आमची स्तामेना आत्या ही प्रतिमा कवटाळून बुडाली. मला स्तामेना नावाची आत्या कधी नव्हती. फोटो त्या जुन्या पानावर टाकला आणि वाट बघत बसलो. खरं सांगतो, बाबा खरा असला तर बरं, असं एखाद्या सकाळी मलाही वाटून गेलं. स्पासेनियासाठी वाटलं.

तेविसाव्या दिवशी मला निरोप आला. तुमच्या घराण्याचा संत माझ्या उशाशी येऊन रडला, रविवारी सर्वांसमोर त्याला मुक्त करतो. एवढंच.

म्हणून त्या रविवारी मी गप्प उभा होतो.

बाबाने लाल फडकं बाजूला केलं. काचेमागे संत जॉर्ज. काळवंडलेला, भेगाळलेला, सुंदर. पाच बोटांनी आशीर्वाद देत बाबा म्हणाला, "भाऊ वितोमिर, स्तामेना आत्या तुला आशीर्वाद देतेय. तू संतांवर हसत होतास ना? तिने तुला क्षमा केली." लोक मागे वळून माझ्याकडे बघू लागले. मी बोलत नाही म्हणून त्यांना वाटलं, विरघळला.

मी यागोदाचा फोन हातात घेतला, त्याचा माइक चालू केला आणि विचारलं, "बाबा, घोड्याला पाय किती?"

बाबा हसला. मला म्हणाला, संताकडे बघ, जनावराकडे काय बघतोस. मी पुन्हा तेच विचारलं. खानावळीत कुणीतरी पडद्याजवळ गेलं आणि बोटाने मोजायला लागलं. मग दुसरं उठलं. पाच, असं एक आवाज म्हणाला. मग तिघंचौघं म्हणाले. बाबाचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला, फक्त डोळे बाजूला, त्याच्या खोलीतल्या कुणा दुसऱ्याकडे गेले. आणि पडदा काळा झाला.

मी सगळं सांगितलं. जुनं पान, माझा फोटो, नसलेली आत्या. यागोदा आपली संत पेत्का काढून घेऊन आली आणि टेबलावर ठेवून उभी राहिली. नातू तिच्या सुनेच्या कडेवर होता. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा लाखेकडे.

"यागोदा, नको," तिची सून म्हणाली.

"माझ्या पोराच्या जिवावर मला घाबरवतो," यागोदा म्हणाली, आणि कांदे चिरायच्या सुरीने तिने लाख फोडली.

फोटोवाल्याच्या खिशात भिंग असतंच. मी ते पेत्काच्या गालावर धरलं आणि एकेकाला वाकून बघायला लावलं. गालावर ठिपके होते, निळे, लाल, पिवळे, वर्तमानपत्रातल्या चित्रात असतात तसे. हाताने रंगवलेल्या चित्रात असे ठिपके कुठून येणार? माझाच जुना फोटो मोठा करून कागदावर छापलेला, जुन्या कपाटाच्या फळीवर चिकटवलेला, वरून चहाचं पाणी आणि धूर. मी नखाने खरवडलं, तर भट्टीत तापवून पाडलेल्या भेगांसकट वार्निश पापुद्र्यासारखं निघालं. काच आणि शाप कशासाठी होते, ते आता कुणाला सांगावं लागलं नाही. नातू सुनेच्या कडेवर केस ओढत बसला होता.

स्पासेनिया कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हलली नव्हती. ती म्हणाली, एक खोटी निघाली म्हणून सगळ्याच खोट्या कशा? मंगळवारी ती सह्या करणार होती, भिंगातून बघूनसुद्धा करणार होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, हिरवा मी लिहिला होता, माझी चूक होती.



"निळा होता," ती म्हणाली. "मीच विकत घेतला होता, वितोमिर. त्याने हिरवा म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं. मी म्हटलं, ओला झाल्यावर हिरवा दिसत असेल."

मग ती उठली, यागोदाचा फोन मागून घेतला. बाबाचा पडदा बंद झाला होता, पण त्याचं पान उघडं होतं आणि दुसऱ्या गावांतल्या बायका तिथे अजून विचारत होत्या, काय झालं, माझा संत कधी येणार. स्पासेनियाने चष्मा लावला आणि एका बोटाने लिहायला लागली. पाऊण तास लागला. कुणी घाई केली नाही. तिने लिहिलं ते असं:

"मी व्रबिन्याची स्पासेनिया. इथली प्रतिमा कागदावर छापलेली निघाली. तुम्ही घेण्याआधी प्रतिमेच्या पाठीचा फोटो मागा, आजच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून. ज्यांनी आधी घेतली त्यांच्या घरी स्वतः जाऊन या. काच उघडून जाणत्या माणसाला दाखवता येईल का, ते विचारा, आणि पैसे त्यानंतर द्या. खरा माणूस असेल तर तो उत्तर देईल, शाप देणार नाही. विचारण्यात पाप नाही. तुमचं माणूस जिवंत आहे असं पैसे घेऊन कुणी सांगत असेल तर त्याला रेनकोटाचा रंग विचारा. माझा मुलगा ओग्न्येन दहा वर्षांपूर्वी पुरात बुडून वारला."

संध्याकाळपर्यंत ते पान गायब झालं. तो माणूस दुसरी दाढी लावून दुसऱ्या नावाने आज कुठे बसलाय, मला माहीत नाही. पण तोवर चारशेहून जास्त लोकांनी ते वाचलं होतं.

पाठवायच्या आधी तिने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "शेवटचं वाक्य बरोबर लिहिलंय ना?"

मी वाचलं. बरोबर आहे, म्हटलं. तिने बोट टेकवलं.