ओहमच्या नियमाला कुलूप

मी एक जुना सर्व्हर आहे. माझ्या पोटात दोन डिस्क, चार पंखे (पैकी फिरणारे तीन) आणि अकरा हजार चर्चा आहेत. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे सगळ्यांसाठी सतत जागा राहणारा संगणक.

मला जुन्या भागांतून जोडलं ते मास्तरांनी. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांसाठी माझ्यावर एक चर्चामंच उघडला. कुणी लिहिलं, "या मंचाने माझा पंप वाचवला," की मास्तर माझ्या पाठीवर थोपटायचे.

मग एका सरकारी धोरणावरून मंचावरचे दोन जिवलग मित्र हमरीतुमरीवर आले आणि कायमचे निघून गेले. मास्तरांना ते फार लागलं. "इथे यंत्रांचंच बोलायचं," असं ठरवून त्यांनी मला शिकवलं : 'कायदा', 'धोरण' किंवा 'नियम' हा शब्द दिसला की चर्चेला कुलूप लाव. मी पडलो सांगकाम्या. लावत गेलो.

श्रवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका ताईंनी लिहिलं, "ही यंत्रं फक्त कंपनीनेच उघडावीत, असा नियम येतोय. माझं दुकान बंद पडेल. हरकत कशी नोंदवू?" मी कुलूप लावलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा लावलं. हळूहळू मंचावर शुकशुकाट झाला.

मास्तरांची धाकटी बहीण साठीत वायरिंग शिकत होती. तिने मंचावर विचारलं, "ओहमचा नियम कुणी सोपा करून सांगेल का?" खट्! कुलूप.

"दादा, तुझ्या डब्याने ओहमला कोंडलं रे!" ती शेजारच्या खोलीतून ओरडली.

मंचावरचं ते कुलूप पाहून ताईंचाही फोन आला. "मास्तर, ओहम कुठल्या पक्षाचा हो?"

मास्तर खो खो हसले. मग म्हणाले, "अहो ताई, भांडणं होतात. माणसं तुटतात."

"होतात ना. पण यंत्र कसं उघडायचं ते इथे विचारायचं, आणि उघडू देणार का, ते कुठे? हरकतीची मुदत शुक्रवारी संपतेय."

मास्तरांनी कुलपाचे तिन्ही शब्द पुसले. धोरणांसाठी वेगळं दालन उघडलं. अट एकच : आपलं कोणतं काम अडतंय, ते आधी सांगायचं. पहाऱ्याला ते स्वतः बसले.

मित्रांनो, चार माणसं जमतात तिथे खटके उडणारच. म्हणून दार लावू नका. दाराशी कुणीतरी समजूतदार बसवा.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या दालनात एकशे बारा उत्तरं आली. त्यातली सात मास्तरांनी काढून टाकली. ताईंच्या हरकतीखाली चौसष्ट सह्या होत्या.