उजवी नाकपुडी

एकाहत्तरच्या त्या हिवाळ्यात जबलपूरच्या कारखान्यात दिवसरात्र लष्कराच्या ट्रकांवर हिरवा रंग चढत होता आणि रंगखात्यातल्या माणसांच्या नाकात थिनरची धग उतरत होती. नीलकंठइतका सफाईदार हात त्या खात्यात दुसरा नव्हता. पण त्याचे नाक असे बुजले होते की थिनरचा वासही त्याला येईना. फोरमन रामकृष्णजींनी बजावले होते, गळती ज्याला हुंगता येत नाही त्याला रंगापाशी ठेवणार नाही. येत्या शनिवारी हुंगण्याची परीक्षा, हरलास तर खोक्यांचे गोदाम.

खात्यात चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या फवाऱ्याची एकच बाटली तंबाखूच्या चंचीसारखी हातोहात फिरे. ती सोबतच्या रंगाऱ्याची, बापूची. नको म्हणणे म्हणजे मैत्री मोडणे.

दवाखान्यातल्या डॉक्टर सुहासिनीबाईंनी नाकात डोकावून विचारले, "बाटली कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"ते औषध फार तर तीन दिवसांचं. पुढे तेच नाक बुजवतं. तुमची सर्दी केव्हाच गेली, उरली आहे ती बाटलीची सूज. शिवाय दुसऱ्याच्या नाकातली बाटली आपल्या नाकात काहून घालता?"

"आजच सोडू?"

"आधी उजव्या नाकपुडीतला फवारा सोडा. ती मोकळी झाली की डावीतला. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवा. तोवर डावीत, आणि पुढे कधी गरज पडलीच तर, बाटली स्वतःची, मान सरळ, आणि फवारा मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला."

पहिल्या काही रात्री उजवी बाजू भिंतीसारखी बंद राहिली. तोंडाने श्वास घेत नीलकंठ उशीला टेकून बसे. बायको जया मिठाचे पाणी उकळून कोमट करी.

"काहून रे, माझ्या बाटलीला विटाळ झाला काय?" नीलकंठने स्वतःची बाटली काढून फक्त डावीत फवारा मारला, तेव्हा बापूने खात्यात सर्वांदेखत टोमणा मारला.

"नाही बापू. नाक सोडवून राहिलो."

"अर्धंच?"

"सध्या अर्धंच."

सारे हसले, नीलकंठही.

शनिवारी रामकृष्णजींनी त्याला डोळे मिटायला लावले आणि पहिले फडके पुढे धरले. नीलकंठने मान किंचित वळवून उजवी बाजू पुढे केली.

"पानी."

दुसरे फडके आले, आणि काळोखात एखादी खिडकी सताड उघडावी तसा तो तीक्ष्ण, ओळखीचा वास थेट मस्तकात शिरला.

"थिनर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "और साहब, आपने अभी अमरूद खाया है."

रामकृष्णजींनी पेरू खाल्लेल्या आपल्याच बोटांकडे पाहिले. "चलो भैया, गन उठाओ."

नीलकंठने तोंडावर फडके बांधले, ओठ मिटले आणि रंगाच्या गनमधून ट्रकच्या कोऱ्या पत्र्यावर हिरवे धुके सोडले. डावी अजून फवाऱ्याच्या सवयीने बंदच होती. तिची पाळी आजपासून.