भाकरीवालीचं नाव

“आबा, अहो नाव सांगा ना! नुसतं ‘चेतनची आई’ कसं छापायचं?”

तिसऱ्यांदा विचारलं तरी चेतनचे वडील दगाआबा सुरतेतल्या कोसाडच्या आपल्या दोन खोल्यांत पंख्याकडे बघत बसलेले. मी मराठी शाळेत शिकवते, एवढ्या गुन्ह्यासाठी आमच्या खानदेशी मंडळाच्या चाळिसाव्या वर्षाची स्मरणिका माझ्या गळ्यात पडली होती. अध्यक्ष गजेंद्रभाऊंनी इतिहास म्हणून अकरा संस्थापकांची यादी हातात ठेवली. अकराही पुरुष! आज पर्वत पाटिया भागात मंडळाचा हॉल आहे, ॲम्ब्युलन्स आहे, रक्तदान शिबिराला तर लग्नासारखा मांडव पडतो. पण सुरुवात कुठून झाली ते मला पक्कं ठाऊक होतं. ती सुरुवात मी खाल्ली होती.

कापड गिरणीत लूमवर हात सापडून वडील सरकारी दवाखान्यात पडले तेव्हा मी आठ वर्षांची. सुरतेत आमचं ओळखीचं कुणी म्हणून नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन वॉर्डात शिरली आणि मोठ्यांदा म्हणाली, “खानदेशना कोन कोन शेतस रे?” विचारायची खानदेशचं, द्यायची सगळ्यांना. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर ठेचा. वडिलांनी भाकर नाकाशी धरली आणि ढसाढसा रडले. पुढे तिच्या शेजारणी थापायला बसू लागल्या, लूमवरची माणसं पीठ आणून देऊ लागली, आणि त्यातूनच मंडळ उभं राहिलं. तिला सगळे ‘चेतननी माय’ म्हणत. मीही तेच म्हणत आले. ती जाऊन चार वर्षं झाली, आणि तिचं नाव मला माहीत नाही हे मला यादी लिहायला बसल्यावर कळलं. लाज वाटली हो.

“मंडळ तिनीच काढं,” आबा म्हणाले. “ते अकरा जन नंतर उनात. तसंच लिख.”

“लिहिते की. पण नाव?”

सून चंचल कपाटातून सासूचं आधार कार्ड घेऊन आली. आबांनी त्यावर चटकन पंजा ठेवला.

“कार्डवरनं नको. मी सांगस.”

ओठ हलले. “चेत…” एवढंच आलं. आमच्याकडे जुन्या माणसांत बायकोला नावाने हाक मारत नाहीत. ‘आयकस का’ एवढ्यावर अख्खा संसार होतो.

“एक सालले हळदीकुंकूमा तिनी मन्हं नाव लिधं,” आबा खाली बघत म्हणाले. “असा उखाणा, काय सांगू तुले! मंग बठ्ठ्या बाया मन्हा मांगे, आते तुम्ही ल्या. मी ड्यूटीनं निमित्त सांगं आणि पळी गऊ. घर ऊनी ते हसनी. म्हने, तुमले मन्हं नाव ठाऊक तरी शे का? पुढला साल तरी ल्या. मी हां म्हणं.” जरा थांबून म्हणाले, “दर साल हां म्हणं.”

चंचल पदराने डोळे पुसत आत गेली. स्वयंपाकघरात गाठून तिला विचारलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. नाही विचारलं. म्हाताऱ्याच्या तोंडून यावं असं मलाही वाटलं.

“छपाई उद्या संध्याकाळी आहे आबा. फोन करा.”

फोन आला. “रंजना, तूच शे ना?” म्हणाले. मी शाळेच्या व्हरांड्यात एक कान बोटाने दाबून उभी. पलीकडे नुसता श्वास. मग फोन कट. स्मरणिकेत ‘चेतनच्या मातोश्री’ छापून आलं. माझ्यासारखी शहाणी मीच!

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. अकरा संस्थापकांचा सत्कार झाला, शेवटी आबांना शाल-नारळ. गजेंद्रभाऊंनी माईक पुढे केला, “आबा, दोन शब्द.”

आबांनी नारळ बगलेत धरला, माईक दोन्ही हातांनी घेतला आणि उभे राहिले. मागून एक पोरगा ओरडला, “बोलो ने काका!” लोक हसले. गजेंद्रभाऊ माईक परत घ्यायला सरकले.

“कला,” आबा म्हणाले.

मग जरा मोठ्याने, “कलाबाई.”

उखाणा नाही, यमक नाही. बोलले ते बायकांच्या रांगांकडे तोंड करून, हळदीकुंकवाला ती बसायची त्या बाजूला. लोकांना काही कळेना. गजेंद्रभाऊंनी उगाच टाळी सुरू केली, तीही विरून गेली. बायकांत पुढे परभणीकडच्या सरस्वतीआजी बसल्या होत्या. चेतनच्या आईच्या मांडीला मांडी लावून त्यांनी पंधरा वर्षं भाकरी थापल्या. त्यांनी शेजारणीला विचारलं, आणि आजींना हळू बोलता येत नाही.

“कला नाव होतं व्हय तिचं?”

आबांनी ऐकलं.

“हां,” ते माईकवरच म्हणाले. “कला.”

आणि नारळ सांभाळत हळूहळू पायऱ्या उतरू लागले.