उजवा खिसा

संस्थेचं पत्र आलं तेव्हा बाई काजं करत होत्या. काजं करताना बाई कुणाचंच पत्र वाचत नसत, म्हणून ते नवऱ्याने वाचून दाखवलं. नवरा बस चालवून चालवून निवृत्त झालेला. मोठ्याने वाचताना प्रत्येक पूर्णविरामाला तो पूर्ण थांबायचा आणि कुणी उतरतंय का ते बघायचा.

पत्राचा मजकूर असा, की शिवणवर्ग आता ऑनलाइन होणार. बाईंनी चाचणी म्हणून सहा तास घ्यायचे. शेवटच्या तासाला तपासनीस हजर राहतील. पंधरा विद्यार्थ्यांनी त्या वर्गात शिवलेला शर्ट दाखवला, तर वर्ग बाईंचा. चौदाच निघाले, तर वर्ग बंद आणि त्याजागी तयार व्हिडिओ.

"व्हिडिओत कोण असतं?" बाईंनी दोरा दाताने तोडत विचारलं.

"एक मुलगी आहे. हसतीये."

"हातात सुई असताना?"

"हो."

"मग तिने जन्मात शिवलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या काजाकडे वळल्या. पण ते काज वाकडं गेलं. बत्तीस वर्षांत बाईंचं काज वाकडं गेलं नव्हतं, तेव्हा नवरा काय समजायचं ते समजला.

नावं आली चौदा. बाईंनी शेजारीपाजारी विचारलं, दुकानात विचारलं, चुकून फोन लावलेल्या एका गृहस्थालाही विचारलं. चौदाचे पंधरा होईनात. शेवटी त्यांची नजर जेवणाच्या टेबलावर गेली.

"अहो, तुम्ही बसा."

"मी? अगं, मला बटण लावता येत नाही."

"म्हणूनच शिकायचं. वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि माझ्याकडे बघायचं. चाळीस वर्षांत केलं नाहीत ते आता करा."

असा पंधरावा विद्यार्थी मिळाला.

संस्थेने चाळीस पानांची एक पुस्तिका पाठवली होती. बाईंनी तिसऱ्या पानापर्यंत वाचली, कारण तिसऱ्या पानावर त्यांना हवं ते सापडलं: 'शिकवताना आपल्या पडद्यावर सारे नीट दिसत असल्याची खात्री करावी.' याच्यापुढे आणखी सदतीस पानं कशाला खर्ची घातली, ते त्यांना कळलं नाही.

कापडं बेतायच्या टेबलावर छताला एक आकडा होता. त्याला बाईंनी हँगर अडकवला आणि हँगरला नाडीने फोन, तोंड खाली करून. स्वतःला दिसावं म्हणून पुढचा कॅमेरा चालू केला. मान वर केली की पडद्यावर टेबल दिसे, कापड दिसे, आपले हात दिसत. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका सारखा लुकलुकायचा आणि त्यातला आकडा वाढत जायचा. बाईंनी ठरवलं की ती फोनची कसलीतरी तक्रार असणार. तक्रार करणाऱ्याकडे लक्ष दिलं की तो शेफारतो. त्यांनी ठिपक्यावर कापडाचं ठिगळ चिकटवलं आणि विषय संपवला.

पहिल्या तासाला बाईंची पाचावर धारण बसली होती. दुसऱ्या तासाला मजा यायला लागली. कात्री टेबलावर कशी टेकवून चालवायची, हे इतक्या वर्षांत मागच्या बाकावर कधी दिसलं नव्हतं. आता मागचा बाकच उरला नव्हता. इस्पितळातली नर्स पाळी संपवून, गणवेश न बदलता बसायची आणि टाके असे घालायची की कापडाला कळूही नये. कुलूपवाला दुकानातूनच हजर व्हायचा. मधेच "बाई, एक मिनिट, एकाची तिजोरी उघडत नाहीये" म्हणून उठायचा आणि बाही हातात घेऊन परत यायचा.

एक चौकोन मात्र सगळे तास काळाच राहिला. त्याच्यावर नुसतं 'पाहुणा' लिहिलेलं. ना चेहरा, ना आवाज. बाई रोज त्याची चौकशी करायच्या: "पाहुणे, जेवलात ना? मग आता कॉलर कापा." पाहुणा कधी बोलला नाही, पण कधी उशिराही आला नाही.

आणि सगळ्यात लक्ष देऊन ऐकायचा तो नवरा. बाईंनी तिसऱ्या तासाला सर्वांसमोर कौतुक केलं. "हे बघा. तासभर झाला, माणसाने पापणी लववली नाही. याला म्हणतात डोळ्यांत तेल घालून शिकणं."

पाचव्या तासाला खिसा आला.

बाईंनी शर्टाचा पुढचा भाग टेबलावर पसरला, डाव्या छातीवर खडूने खिशाची खूण केली आणि खात्री करायला मान वर केली. पडद्यावर खूण उजव्या छातीवर! विद्यार्थ्यांना हे असं उलटं दिसतंय तर! तिसरं पान आठवलं. त्यांनी खूण पुसली आणि मुद्दाम दुसऱ्या बाजूला केली. पडद्यावर खिसा अगदी जागच्या जागी, डावीकडे आला.

"मी बोलते तिकडे लक्ष देऊ नका," बाई म्हणाल्या. "हात बघा. जिथे दिसतोय, तिथेच लावा. एक दोरा इकडे नाही, एक दोरा तिकडे नाही."

आता खरं असं, की फोन बाईंना दाखवत होता आरसा आणि विद्यार्थ्यांना दाखवत होता टेबल. बत्तीस वर्षं गिऱ्हाईकांना आरशासमोर उभं करणाऱ्या बाईंना नेमका आरसाच ओळखू आला नाही. पोहणाऱ्याने घागरीत बुडावं, तसं झालं.

सहाव्या तासाला तपासनीस आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, पुढ्यात कागद, चेहऱ्यावर काहीच नाही. बाईंनी आज मान वर करून करून दुखू नये म्हणून फोन भिंतीला टेकवला होता.

"सुरू करा," तपासनीस म्हणाले.

नर्सने शर्ट वर धरला. शिलाई सरळ, कॉलर ताठ, खिसा उजवीकडे. कुलूपवाल्याने धरला. खिसा उजवीकडे. तिसरा, चौथा, पाचवा, उजवीकडे. तपासनिसांनी आपला डावा हात बघितला, मग उजवा बघितला, मग कॉम्प्युटरच्या मागे डोकावून आले.

"माझा पडदा उलटा झालाय का हो?"

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण काय करून बसलो ते त्यांना एका क्षणात उमगलं. 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. समोरचा माणूस स्वतःच वाट काढून देत होता. पण चौदा शर्ट झाले आणि पंधरावा चौकोन उजळला. नवऱ्याने शर्ट धरला होता. खिसा डावीकडे. जिथे असायला हवा, बरोब्बर तिथे.

बाईंना भरून आलं. सगळ्या जगाने ऐकलं नाही, पण आपल्या माणसाला कळलं! मग त्यांची नजर शेवटच्या काजावर गेली. ते आडवं होतं. शेवटचं काज आडवं करायची खोड आसपासच्या शिंप्यांत त्यांना एकटीलाच होती. शिवाय कॉलर अकरा वर्षं घासली गेली होती.

"अहो," बाई म्हणाल्या, "हा मी तुमच्या वाढदिवसाला शिवलेला शर्ट."

"तो वेगळा."

"शेजारी ते काय चिकटवलंय?"

नवऱ्याने घाईने ते काढायला हात घातला आणि ते कॅमेऱ्यासमोर खाली आलं. लायसन्सवरचा फोटो होता, मोठा करून आणलेला. सगळ्या वर्गाने पाच तास त्या फोटोचा आदर्श ठेवला होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला.

"साहेब, तुमचा पडदा सरळ आहे. उलटं मी शिकवलं. या चौदाजणांनी मी दाखवलं तसंच केलं, त्यांची काही चूक नाही. आणि जो एकच शर्ट बरोबर आहे, तो माझा आहे, विद्यार्थ्याचा नाही. म्हणजे चौदाच झाले." बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा खडू उचलून डबीत ठेवला, जणू तो आता लागणारच नव्हता.

कुलूपवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक ओरडत होतं, तेवढाच आवाज.

तपासनिसांनी घसा साफ केला.

"तयार व्हिडिओला तीनशे जणांनी नावं दिली होती," ते म्हणाले. "शर्ट किती आले, सांगू? एकही नाही. इथे चौदा माणसं एकाच जागी, एका दोऱ्याचाही फरक न करता चुकलीत. इतकं एकसारखं चुकायचं तर शेवटपर्यंत ऐकावं लागतं, बाई."

"पण पंधरा हवेत ना?"

तपासनीस उभे राहिले. कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट खुर्चीवर टाकला. आत निळा शर्ट होता. कॉलर किंचित तिरकी. खिसा उजवीकडे.

"पाहुणा मीच," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं. "गुपचूप तपासायला म्हणून आलो होतो. दुसऱ्या तासाला कापड विकत आणलं. तपासनिसाने शिकू नये, असं नियमात कुठेच नाही. मी सगळे वाचलेत, चाळीसच्या चाळीस पानं."

वर्गात असा गलका झाला की फोन भिंतीवरून घसरला. बाईंनी तो उचलला, तोवर ठिगळ निघून आलं होतं. त्यांनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. आत पाच तासांचं बोलणं साठलेलं. नर्सने विचारलं होतं, 'बाई, खिसा उजवीकडे का?' खाली कुलूपवाला: 'नवी फॅशन असेल.' त्याखाली बारा जणांचे बारा अंगठे. आणि सगळ्यात शेवटी पाहुण्याची ओळ: 'हो, जेवलो. धन्यवाद.'

बाईंना हसू आवरेना. डोळे पुसून त्यांनी खडू पुन्हा डबीबाहेर काढला.

"चला, उसवणी घ्या हातात. सगळ्यांनी खिसे उसवायचे. आणि यापुढे कुणाला काही खटकलं तर लिहायचं नाही, ओरडायचं. बारा जणांनी अंगठा दाखवला म्हणून खिसा बरोबर होत नाही."

"बाई, माझा राहू दे," कुलूपवाला म्हणाला. "मी डावखुरा. जन्मात पहिल्यांदा खिसा हाताला लागतोय."

"राहू दे. साहेब, तुम्ही कॉलरही उसवा."

"आत्ता?" तपासनिसांनी विचारलं.

"मग काय, पत्र पाठवू?"

साहेब निमूटपणे शर्टाची बटणं काढायला लागले. वरच्या खोलीतून नवरा कोरं कापड घेऊन खाली आला आणि टेबलाशी, बाईंच्या अगदी समोर बसला. बाईंनी त्याच्या हातात कात्री दिली, फोन त्याच्याकडे वळवला आणि नर्सला सांगितलं, "तुझं काम झालं की यांच्या पापणीवर लक्ष ठेव. लवली नाही, तर मला हाक मार."