यादीतलं सहावं नाव

कोंकूरचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की अराकमधली ती सगळी गल्ली मरजानच्या सायबर कॅफेकडे धावत सुटायची. प्रवेशाचे पसंती-अर्ज तीच भरून द्यायची. कुठल्या क्रमांकाला कुठल्या गावात काय मिळेल, हे तिला तोंडपाठ होतं. बाई हुशार, पण आतून कडू झालेली, आणि का झाली तेही गल्लीला ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी, 'काहीतरी तर पदरात पडेल' म्हणून, तिच्या यादीच्या तळाशी दूरच्या बिरजंद गावच्या विद्यापीठाचं नाव घातलं. नेमकं तेच मिळालं. एवढ्या लांब मुलीला एकटी पाठवणार नाही, म्हणत त्यांनीच मग तिला घरी बसवलं. आणि नियम असा, की सरकारी जागा मिळाली की तुम्ही जा न जा, पुढच्या वर्षीची परीक्षा बंद. त्यानंतरही बाबांनी तिला परत परीक्षेला बसू दिलं नाही. त्याबद्दल एक चकार शब्दही काढला नाही.

धाकट्या बहिणीचं, नेगीनचं, सगळं वेगळं. आई गेल्यापासून बाबांचा जीव तिच्यातच. पहिल्या खेपेला तिचा क्रमांक अकरा हजार आला. मग तिने अंदाजाने खुणा करणं सोडलं, कारण चुकलं की गुण कापतात. चुकांची वेगळी वही केली, दर शुक्रवारी सराव परीक्षा दिली. बाबा बाहेर मोटारीत चार-चार तास बसून राहायचे. यंदा ती चार हजारांवर आली, फार्मसी थोडक्यात हुकेल अशी. अजून एक वर्ष, अगदी शेवटचं, द्यायला बाबा तयार झाले. यादीत फार्मसीच्याच पाच जागा घालायच्या, नाही मिळाली तर पुन्हा बसायचं, असं ठरलं.

बाबा सवयीने म्हणालेच, खाली एखादं साधंसं घाल की. नेगीनने साफ नाही म्हटलं. अर्ज भरून ती निर्धास्त घरी गेली. पासवर्ड आबजीकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, होता, आणि आबजीवर तिचा डोळे मिटून विश्वास.

शेवटच्या दिवशी मरजानने अर्ज पुन्हा उघडला आणि सहावं नाव घातलं: मृदाशास्त्र, झाबोल. बिरजंदहूनही लांबची, हमखास मिळणारी सरकारी जागा. माझं गेलं, हिचंही जाऊ दे, इतका साधा हिशेब होता तो.

निकालात झाबोलच आलं. नेगीन पडद्याकडे बघतच राहिली. मग बाबांकडे वळली.

"बाबा, हे तुम्ही घालायला लावलंत ना?"

बाबांचा चेहरा उतरला. आपण म्हणालो आणि मरजानने ऐकलं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी मान खाली घातली. एका वाक्यात खरं सांगता आलं असतं, पण मरजान गप्प बसली.

दोन दिवस नेगीन जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा तिच्या अंथरुणाशी येऊन बसले. मरजान चहा घेऊन दारात उभी होती.

"चुकलो मी, पोरी," ते म्हणाले. "मरजानच्या वेळी हेच केलं आणि वर तिला घरी बसवलं. तिला पाठवायला हवं होतं. तुझ्या बाबतीत असं होऊ देणार नाही. मी येतो तुझ्याबरोबर झाबोलला, तिथेच घर घेऊ."

हे वाक्य ऐकण्यासाठी मरजान नऊ वर्षं थांबली होती. ते बोललं गेलं, पण धाकटीला.

नेगीनने डोळे पुसले. "आणि आबजी? ती इथे एकटी?"

"तिला सवय आहे," बाबा म्हणाले, आणि मागे न बघताच मरजानला माळ्यावरच्या बॅगा काढायला सांगितलं.